ती शेपटी नाही, पोट आहे! आपल्या तलावांवरच्या चतुरांविषयी



धानाची रोवणी आटोपली, पोळा झाला, की आपल्याकडच्या शाळांच्या मैदानावर एक खेळ हमखास सुरू होतो. मुलं दबक्या पावलांनी गवताकडे जातात, दोन बोटांच्या चिमटीत एक लांबट किडा पकडतात आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवतात. पोरांच्या भाषेत ते 'हेलिकॉप्टर', पुस्तकी मराठीत 'चतुर'. हा खेळ तुम्ही खेळला असाल. मीही खेळलोय. दोऱ्याच्या टोकाला कागदाचा कपटा बांधून तो उचलतो का, हेसुद्धा पाहिलंय.

मागच्या सत्रात पाचवीतल्या एका मुलीनं असाच एक चतुर माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलं, "सर, हे खाते काय जी? आन् उन्हाळ्यात कुठं जाते?" पहिल्या प्रश्नाला मी अंदाजानं 'डास' म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्याचं उत्तर देता आलं नाही. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू हे चक्र मी कितीतरी वर्षं फळ्यावर काढत आलोय. पण जो किडा माझी मुलं रोज हातात धरतात, त्याचं चक्र मला काढता येत नव्हतं. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचलं आणि तलावाच्या पाळीवर बसून जे पाहिलं, ते इथे लिहितोय.

चतुर आणि टाचणी

आपण ज्यांना सरसकट चतुर म्हणतो ते खरं तर दोन भाऊबंद आहेत. एक चतुर आणि दुसरी टाचणी. फरक मुलांना दोन मिनिटांत कळतो. बसल्यावर पंख विमानासारखे आडवे पसरलेले राहिले तर तो चतुर. पंख पाठीवर मिटून घेतले आणि अंग टाचणीसारखं बारीक असलं तर ती टाचणी. डोळ्यांवरूनही ओळखता येतं. चतुराचे डोळे इतके मोठे की बहुतेकांत ते डोक्यावर एकमेकांना टेकतात. टाचणीचे डोळे मात्र डोक्याच्या दोन टोकांना, व्यायामाच्या डंबेलसारखे. काही टाचण्या पंख अर्धवट पसरून बसतात, तिथे डोळे पाहायचे. या दोघांच्या गणाला शास्त्रात 'ओडोनाटा' म्हणतात, म्हणजे दातवाले. जगात त्यांच्या सहा हजारांहून जास्त जाती आहेत, भारतात पाचशेच्या आसपास.

आता त्या 'शेपटी'बद्दल. ती शेपटी नाही, पोट आहे. दहा खंडांचं लांबलचक पोट. त्यातूनच अन्ननलिका जाते, त्याच्याच कडेनं श्वास घ्यायची बारीक छिद्रं असतात, अंडाशय तिथेच, आणि नळीसारखं हृदयसुद्धा त्याच्या पाठीकडच्या बाजूला. मुलांना 'पाप लागतं, बांधू नका' असं सांगून पाहिलं होतं, दोन दिवस टिकलं. 'तुझ्या पोटाला कुणी दोरीनं करकचून आवळलं आणि मग पळायला लावलं तर?' असं विचारलं, तेव्हा वर्गात शांतता झाली. एकानं हळूच खिशातला दोरा बाकाखाली टाकला.

चतुर डंख मारत नाही, त्याला नांगीच नसते. मोठा चतुर हातात धरला तर बोटाला जबड्यानं चिमटा काढू शकतो, इतकंच. पण शिकारी म्हणून त्याची बरोबरी करणारे प्राणी थोडे. एकेका डोळ्यात तीस हजारांपर्यंत बारीक भिंगं असतात. चारही पंख वेगवेगळे हलवता येतात, म्हणून तो हवेत थांबतो, मागे येतो, जागच्या जागी वळतो. सहा पायांची टोपली करून उडतं भक्ष्य त्यात झेलतो. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा त्याच्या दहापैकी नऊहून जास्त झडपा यशस्वी ठरल्या. आपण नागझिऱ्याला ज्याला पाहायला जातो त्या वाघाच्या बहुतेक झडपा वाया जातात, हे इथे मुलांना जरूर सांगा.

पाण्यातलं पिल्लू

मला सगळ्यात जास्त चकित केलं ते या भागानं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण जो उडणारा चतुर पाहतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा, पुष्कळदा थोड्याच आठवड्यांचा तुकडा असतो. त्याआधीचं आयुष्य पाण्याखाली जातं. काहींचं महिना-दीड महिना, काहींचं वर्षभर, थंड प्रदेशांतल्या काही जातींचं तर कित्येक वर्षं. मादी अंडी घालते तीही पाण्यात किंवा पाण्याजवळ. चतुरांच्या बहुतेक माद्या उडता उडता पोटाचं टोक पाण्याला टेकवून अंडी सोडतात. टाचण्या पाणवनस्पतीच्या देठाला, पानाला चीर पाडून एकेक अंडं आत खोचतात.

तुम्ही कधी पाहिलंय का, एखादा चतुर चकचकीत गाडीच्या टपावर पुन्हा पुन्हा पोट आपटतोय? तो वेडा झालेला नसतो. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट प्रकारे आडवा ध्रुवित होतो आणि त्या खुणेवरून चतुर पाणी ओळखतात. गाडीचा टप, पॉलिश केलेला काळा दगड, प्लॅस्टिकची ताडपत्री तसाच प्रकाश परत पाठवतात. बिचारी मादी तिथे अंडी घालून मोकळी होते आणि ती सगळी उन्हात वाळून जातात. आठवी-नववीच्या मुलांना प्रकाशाचं ध्रुवीभवन सांगताना याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

अंड्यातून निघणारं पिल्लू दिसायला मातकट, बेढब. आई-बापाशी काही साम्य नाही. पण त्याच्या तोंडाखाली एक यंत्र दडलेलं असतं. त्याचा खालचा ओठ कोपरातून दुमडलेल्या हातासारखा घडी घालून ठेवलेला असतो, टोकाला आकडे. भक्ष्य टप्प्यात आलं की हा ओठ डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे सुटतो, पकडतो, परत येतो. डासांच्या अळ्या, इतर किड्यांची पिल्लं, बेडकाचे छोटे मासोळे, कधी माशाचं पिल्लूसुद्धा! चतुराचं पिल्लू श्वास घेतं तेही गमतीदार आहे. पोटाच्या मागच्या टोकातून पाणी आत घेतं, तिथल्या कल्ल्यांनी प्राणवायू काढून घेतं, आणि धोका वाटला तर तेच पाणी जोरात मागे सोडून रॉकेटसारखं पुढे सटकतं. टाचणीच्या पिल्लाला मात्र मागे तीन पानांसारखे कल्ले बाहेरच असतात.

वाढता वाढता ते दहा-बारा वेळा कात टाकतं. मग एका रात्री किंवा पहाटे गवताच्या काडीवर, दगडावर, तलावाच्या पायरीवर चढून येतं. पाठ उकलते आणि आतून ओला, फिकट, सुरकुतलेल्या पंखांचा चतुर बाहेर पडतो. तासाभरात पंख ताणून वाळतात. मधे कोष नाही. फुलपाखराचं रूपांतरण पूर्ण, चतुराचं अपूर्ण. फळ्यावर ही दोन चक्रं शेजारी शेजारी काढा, वेगळं काही शिकवावं लागत नाही.

डासांचं म्हणाल, तर त्यावर एक खरा प्रयोग झालेला आहे. म्यानमारमधल्या यांगून शहरात घरोघरी पाणी साठवण्याच्या भांड्यांत लोकांच्या मदतीनं एका लाल चतुराची पिल्लं सोडली गेली, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांच्या अळ्या खूपच कमी झाल्या. हे काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला चतुर म्हणजे 'क्रोकोथेमिस सर्व्हिलिया', नर लालभडक, पिकल्या मिरचीसारखा. तो आपल्या धानाच्या बांध्यांवरही दिसतो. म्हणून घरच्या ड्रमात पिल्लं सोडत बसा असं मी म्हणत नाही, ड्रम झाकलेलाच बरा. पण तलाव, बोडी आणि बांधीत ते काम फुकट चालू असतं, एवढं लक्षात असू द्यावं.

उन्हाळ्यात कुठं जातात?

त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काही जाती पाणी टिकणाऱ्या तलावात पिल्लू म्हणून उन्हाळा काढतात. काही प्रौढ होऊन जंगलाच्या सावलीत, झाडोऱ्यात गप्प बसून राहतात, पाऊस पडेपर्यंत अंडी घालत नाहीत. आणि एक जात चक्क देश सोडून जाते.

पावसाळ्याच्या तोंडाला आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात मैदानावर, रस्त्यावर शेकड्यांनी घिरट्या घालणारे पिवळसर-तांबूस चतुर तुम्ही पाहिले असतील. ते बसायला तयारच नसतात. ही 'पँटाला फ्लॅवेसेन्स'. चार्ल्स अँडरसन नावाचे एक सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत होते. दरवर्षी ऑक्टोबरपासून तिथे या चतुरांचे थवे उतरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मालदीवच्या त्या चिमुकल्या बेटांवर उघडं गोडं पाणी जवळजवळ नाहीच. मग पिल्लं वाढणार कुठे, आणि हे येतात कुठून? त्यांनी वर्षानुवर्षं तारखा टिपल्या. मालदीव, भारत, सेशेल्स, आफ्रिका अशा नोंदी जुळवल्या आणि २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन समुद्रावरून पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढच्या पिढ्या मान्सूनबरोबर परत येतात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, साधारण चार पिढ्यांत. २०१२ मध्ये मालदीवला पकडलेल्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांची तपासणी झाली. ते उत्तरेकडच्या भागात, भारतीय उपखंडातच वाढलेले असावेत, असं त्यातून निघालं.

जाणारा परत येत नाही, त्याची पणतवंडं येतात. यांची पिल्लं पावसाच्या साचलेल्या डबक्यातही दीड-दोन महिन्यांत मोठी होतात. शाळेमागच्या खड्ड्यातलं पाणी आणि आफ्रिका यांचा असा संबंध आहे. मी नकाशा टांगून हे सांगितलं तेव्हा त्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणी 'हेलिकॉप्टर' पकडलं नाही. दुसऱ्या दिवशी पकडलं, ते सोडा.

अभ्यास करणारी माणसं

आपल्याला वाटतं असलं संशोधन परदेशात होतं. थोडं फार तसं झालंही. भारतातल्या चतुरांचा पहिला मोठा ग्रंथ एफ. सी. फ्रेझर या इंग्रज लष्करी डॉक्टरनं लिहिला. १९३३ ते १९३६ दरम्यान त्याचे तीन खंड निघाले आणि अजूनही अभ्यासक ते उघडून बसतात. नोकरी डॉक्टरकीची, वेड चतुरांचं.

पण आपल्या शेजारी, नागपूरला, हे काम कित्येक वर्षं चालू आहे हे मला माहीत नव्हतं. हिस्लॉप कॉलेजचे प्राध्यापक डॉ. आर. जे. अँड्र्यू यांनी चतुर-टाचण्यांच्या प्रजननावर काम केलं. आपल्याकडच्या तलावांवर सर्रास दिसणारी पिवळी टाचणी, 'सेरिॲग्रिऑन कोरोमँडेलियानम', तिच्यावरचं त्यांचं काम वाचण्यासारखं आहे. मादी तरंगत्या पानात अंडी खोचत असते आणि नर तिच्या मानेमागे पोटाच्या टोकानं पकड घेऊन सरळ काठीसारखा उभा राहतो, पहारेकऱ्यासारखा. हे दृश्य कमळाच्या पानावर कुणालाही दिसू शकतं. फक्त थांबून पाहायला हवं. २००८ मध्ये नागपुरातच चतुरशास्त्राचं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं आणि त्याच वर्षी अँड्र्यू, के. ए. सुब्रमणियन व आशिष टिपले यांनी मध्य भारतातल्या नेहमीच्या चतुरांची हातपुस्तिका काढली. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या कॉलेजात शिकवणाऱ्या टिपलेंनी सहकाऱ्यांबरोबर २०१३ मध्ये विदर्भाची यादी प्रसिद्ध केली, ८२ जातींची. २०१५ मध्ये त्यांनी आणि पंकज कोपर्डे यांनी सगळ्या महाराष्ट्राची यादी केली, तेव्हा आकडा १३४ झाला.

तो आकडा तिथे थांबला नाही. सिंधुदुर्गात शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ मध्ये एक नवी टाचणी आणि २०२० मध्ये एक नवा चतुर जगापुढे आणला. त्या चतुराच्या नावातच 'कोंकणेन्सिस' आहे. २०२२ मध्ये आंबोलीचे हेमंत ओगले यांच्यासह त्यांनी चौकुळ गावाच्या नावाचा चतुर जाहीर केला, 'बर्मागोम्फस चौकुलेन्सिस'. साताऱ्याच्या ठोसेघरच्या नावाची टाचणी २०२१ मध्ये आली. एखाद्या गावाचं नाव असं जगाच्या यादीत जातं, ते तिथल्या ओढ्याकाठी कुणीतरी पावसात तासन्‌तास बसलेलं असतं म्हणून.

आता कुणी म्हणेल, सह्याद्रीत नव्या जाती मिळतात, आपल्याकडे काय मिळणार? शक्य आहे, नवीन काही मिळणारही नाही. पण जुनं किती आहे, कुठे आहे, कमी होतंय की टिकून आहे, हे तरी कुठे कुणी गावोगाव लिहून ठेवलंय? डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेनं, म्हणजे आययूसीएननं, जगातल्या चतुर-टाचण्यांचा पहिला पूर्ण आढावा प्रसिद्ध केला. ६,०१६ जाती तपासल्या, त्यातल्या १६ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात. मुख्य कारण, गोड्या पाण्याच्या जागा नाहीशा होणं.

गोड्या पाण्याच्या जागा म्हटलं की आपला जिल्हा आलाच.

मामा तलाव आणि चतुर

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, हे आपण परिसर अभ्यासात शिकवतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणकारांनी उतार पाहून, पाळी घालून हे तलाव बांधले. नंतर ते मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि ते 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव झाले. पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा-सात हजार तलाव मोजले जातात. शिवाय शेताशेतांतल्या बोड्या वेगळ्याच.

चतुराच्या नजरेनं या जुन्या तलावाकडे बघा. एका बाजूला पाळ, खोल पाणी. दुसऱ्या बाजूला हळूहळू उथळ होत जाणारा काठ. तिथे आधी गवत, मग लव्हाळा, मग पाण्यात बुडालेल्या वनस्पती, मग कमळ आणि शिंगाडा. पिल्लांना लपायला बुडालेल्या वनस्पती. टाचणीला अंडी खोचायला देठ. पिल्लाला बाहेर चढायला लव्हाळ्याची काडी. नराला बसून राखण करायला पाण्यात उभी वाळकी फांदी. खाली सांडव्यापुढे धानाच्या बांध्या, म्हणजे शिकारीचं मैदान. माणसानं धानासाठी बांधलेलं घर चतुराला जसंच्या तसं चाललं.

ही व्यवस्था कुठे उसवते ते पाळीवर बसून दिसतं. काठावर बेशरम माजते. बेशरमीच्या काड्यांवर चतुर मजेत बसलेले दिसतात हे खरं, त्यानं मीही आधी फसलो. पण तिच्या दाट जाळीखाली पाणवनस्पती उरत नाहीत, आणि पिल्लाला बसायची जागा नको असते, लपायची हवी असते. दुसरं, गाळ काढणं. गाळ काढलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण यंत्रानं सगळा काठ सरळ उभा कापून टाकला की उथळ पट्टाच संपतो. थोडा काठ तसाच ठेवला तर पाणी काही कमी साठत नाही. तिसरं, वनस्पती फस्त करणारा गवत्या मासा तलावात सोडणं. आणि चौथं, फवारणी.

फवारणीबद्दल जपून बोलायला हवं, कारण तुडतुड्यानं धान जळालेलं पाहिलेल्या शेतकऱ्याला 'फवारू नका' म्हणणं सोपं नाही. माझ्याही घरी शेती आहे. पण जपानचं उदाहरण ठेवतो. तिथे धानाच्या शेतात वाढणारा 'अकिआकाने' नावाचा लाल चतुर शरद ऋतूची खूणच मानला जातो. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून तो बऱ्याच भागांत झपाट्यानं कमी झाला. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा बोट गेलं ते रोपांच्या ट्रेमध्येच टाकल्या जाणाऱ्या फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकांकडे. ही नावं आपल्या कृषी केंद्राच्या फळीवरही आहेत. टाचण्या आणि छोटे चतुर धानातले तुडतुडे, पतंग खातात. एकाच फवाऱ्यात चोर आणि राखणदार दोघेही मरतात. गरज असेल तेव्हाच, मोजून, बांधीतलं पाणी तलावात किंवा बोडीत उतरणार नाही असं बघून फवारा, एवढं तरी पालकसभेत बोलता येतं.

त्याच जपानमध्ये, कोची प्रांतातल्या नाकामुरा गावी (आता ते शिमांतो शहर), १९८० च्या दशकात चतुरवेड्या लोकांनी वर्गणी काढून एका दरीतली पडीक धानशेती विकत घेतली, तिची तळी केली आणि चतुरांसाठी राखीव जागा उभी केली. आपल्याला विकत घ्यायची गरज नाही, तलाव गावाचेच आहेत. आणि ते पूर्ववत करणारे लोकही दूर नाहीत. पूर्वी भंडाऱ्यात असलेल्या, आता गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाबरोबर तलावांवर बरीच वर्षं काम केलंय. बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे जपले. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ज्ञान ढिवरांकडे होतंच, त्याला मान मिळाला. हे सगळं माशांसाठी आणि पोटापाण्यासाठी झालं. पण बुडालेली वनस्पती परत आली की चतुराच्या पिल्लाचं घरही परत आलं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

शाळेत काय करता येईल

आमच्या शाळेत काय केलं ते सांगतो. मोठं काही नाही.

एक वही केली. दर पंधरा दिवसांनी, ऊन पडल्यावर सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, तलावाच्या एकाच टप्प्यावर जायचं. ढगाळ दिवशी चतुर बाहेर पडत नाहीत, तेव्हा गेलात तर मुलं कंटाळतात. सोबत दोन मोठी माणसं हवीतच आणि एकही मूल पाण्यात उतरणार नाही, हा पहिला नियम. पावसाळ्यात पाळ घसरडी असते, तेव्हा मी पाचवीच्या खालच्या मुलांना नेतच नाही. जाळी नाही, पकडणं नाही. तारीख, वेळ, ऊन-वारा, आणि दिसले ते चतुर किती, कुठे बसले, काय करत होते, एवढं लिहायचं.

अडचण आली नावांची. फुलपाखरांना आता चांगली मराठी नावं रुळतायत, चतुरांना तशी सर्वमान्य नावं कमीच. म्हणून मुलांनी स्वतःच ठेवली. क्रोकोथेमिस झाला 'लाल मिरची'. पंखांवर काळे-पिवळे चट्टे असलेला, फुलपाखरासारखा तरंगत उडणारा 'रायोथेमिस' झाला 'साडीवाली', मग तो नर असो की मादी. शाळेच्या भिंतीवर दगडाच्या रंगाचा, बसला की दिसेनासा होणारा 'ब्रॅडिनोपायगा' झाला 'भूत'. त्याचं इंग्रजी नावही तसंच निघालं, मुलांनी ते ऐकून टाळ्या वाजवल्या. वहीत मात्र शेजारी शास्त्रीय नाव लिहायचं. ते पुस्तिकेतून किंवा फोटोवरून ओळखायचं आणि खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह टाकायला मुलांना शिकवणं मला सगळ्यात कठीण गेलं, कारण आपण त्यांना इतकी वर्षं रिकामी जागा सोडू नका असंच शिकवलेलं.

एक निरीक्षण तुमच्याही गावात करून बघा. नालीच्या, गटाराच्या पाण्यावर नारिंगी रंगाचा, पंखांवर तशीच नारिंगी झाक असलेला छोटा चतुर असतो, 'ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा'. घाण पाणी त्याला चालतं. तो दिसला म्हणजे पाणी खराब, असं नाही, तो स्वच्छ तलावावरही असतो. पण जिथे बाकी सगळे गायब आणि फक्त तोच उरलाय, तिथे पाण्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. आमच्या मुलांनी तलावावर एका सकाळी अकरा प्रकार मोजले, बसस्टँडमागच्या नाल्यावर दोन. त्यातला एक हाच.

या नोंदी पुढे कुठे जाव्यात? जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असते. बहुतेक वह्यांत झाडं, पिकं, पक्षी, जनावरं भेटतात, कीटकांचं पान कोरंच असतं. सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना भेटून शाळेची यादी त्यात जोडून घ्या. तलावाचं खोलीकरण किंवा लिलाव ग्रामसभेत येईल तेव्हा 'इथे अमुक इतके प्रकार आम्ही दोन वर्षं पाहतोय, पूर्वेकडचा उथळ काठ राहू द्या' असं बोलायला हातात कागद असतो. आमचा कागद अजून तिथवर गेलेला नाही. एक पावसाळा आणि एक हिवाळा एवढ्याच नोंदी झाल्यात, अजून एक वर्ष तरी भरू द्यायचंय.

पकडण्याची खाज मुलांच्या बोटांतून जात नाही, तर त्यांना काती गोळा करायला लावा. पिल्लू निघून गेल्यावर उरलेली कात पायरीच्या दगडाला, लव्हाळ्याच्या काडीला तशीच चिकटून असते, कुणाला त्रास न देता उचलता येते. शिवाय उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, पण कात सापडली तर तो त्याच पाण्यात वाढला, हे नक्की. अभ्यासकही त्यासाठीच काती शोधतात. गेल्या ऑक्टोबरात त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं धुणं धुवायच्या दगडाच्या सावलीतून सहा काती काढल्या. त्यातली एक पाचवीच्या वर्गात काडेपेटीत कापसावर ठेवलीय. पाठीवरची उकललेली चीर साध्या डोळ्यांनी दिसते, आणि भिंग धरलं की तोंडाखाली घडी घालून ठेवलेला तो ओठही.

वर्गात पाहुणे आले की ती काडेपेटी आधी पुढे येते. तुम्ही कधी या बाजूला आलात तर तुम्हालाही दाखवतील, पण हात लावू देणार नाहीत.